फोन मशीनजवळ धरा

रात्री पावणेअकराला फोन आला की समजायचं,
कुणाची तरी हळद उद्यावर आली आहे.
घणसोलीहून हर्षाली म्हात्रे.
सहा करवल्यांचे सहा पिवळे ब्लाउज,
पाच झाले, सहावा टाके सोडतोय.
सापळे काका, मशीन मेली हो.

मशीन मरत नाही.
जांभळी नाक्यामागे माझ्या गाळ्यात
बेचाळीस सालची एक अजून चालते,
मालक गेला, मालकाचा मुलगाही गेला.

वरचा धागा तुटतो की खालचा?
वरचा. आणि कापडाखाली जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं.
टेन्शन किती आहे?
खूप आहे, काका.
चकत्यांचं विचारतोय, बाई.
हसली. तेवढीच एक गाठ सैल झाली.

धागा सगळा काढा, रिळापर्यंत.
पायाची खिट्टी वर करा, मग ओवा.
पाय खाली असला की चकत्या दातखीळ बसल्यासारख्या मिटतात,
धागा वरवरून घसरत जातो
आणि सगळा ढिसाळपणा खाली येऊन साठतो,
जिथं शिवणाऱ्याचं लक्ष नसतं.

ओवला.
जाळं गेलं. टाके अजून सुटतात.

मग म्हणालो, आता धागा काढा, कापड काढा,
फोन मशीनजवळ धरा
आणि नुसती चालवा.

गेल्या चैत्रापासून माझ्या डोळ्यांना
सुईचं नाक सापडत नाही.
ओवून द्यायला झेरॉक्सवाल्याचा पोरगा येतो,
दोन चॉकलेटं घेतो.
कान मात्र अजून कामावर आहेत.

फोनमधून आधी कुकर आला,
मग लांब कुठेतरी बँजोवाल्यांची तालीम,
एक कुत्रा,
पट्ट्याची चपचप, ती ठीक,
आणि मधेच
टिक्.
प्रत्येक फेऱ्याला एक टिक्,
पत्र्यावर नखाचं टोक लागावं तसं.

दुपारी जाड काय शिवलंत?
गप्प.
दिराची जीन्स. खालून उंच केली.
अठराच्या सुईनं?
अठराच्या.
तीच आहे का अजून?
पुन्हा गप्प, पण आता वेगळी गप्प.

चार पदरी शिवणीवर वाकली ती, केसभर.
नुसती धरून दिसणार नाही.
आरशावर ठेवा, चपटी बाजू खाली,
सुई आणि आरसा यांच्यातली फट
टोकापर्यंत सारखी आहे का बघा.
नाही काका. टोकाकडे टेकतेय.

साटीनला अकराची लावा.
अकराची नाही. आणि दुकानं कधीच बंद.
तिचा खण मी ऐकला:
बटणं, हूक, खडूचा तुकडा, पुन्हा बटणं.
मागून एक म्हातारा, झोपाळू आवाज,
माझे डब्यान बघ गो.

ठकूबाईच्या सुपारीच्या डब्यात
तेलकट कागदाची पुडी,
पुडीवर पेन्सिलीनं अकरा.
चार सुया, पंधरा वर्षांपूर्वीच्या.
खाडीचा वारा तिकडे कपाटातली किल्लीसुद्धा खातो,
पण एकीलाही डाग नाही.
तिनं शिवणं सोडलं कधीच, पुडी सोडली नाही.

खाच धाग्याकडे, पाठ हुकाकडे.
वर टेकेपर्यंत सरकवा, मग स्क्रू.
उलटी बसली तर पहाटेपर्यंत पाय मारा,
एक टाका पडणार नाही.

आता ओवा. आता शिवा.

टिक् नाही.
फोन तिनं तसाच मशीनच्या फळीवर ठेवला
आणि विसरली.
मीही कट केला नाही.
गार डाळ ढवळत ऐकत बसलो:
बाही लागत होती,
गोलाईवर हात हळू होत होता,
सरळ आली की सुटत होता.
बँजो थांबला. कुत्रं थांबलं.

मग एकदा कात्री.
झाला, ती म्हणाली,
मला नाही, ठकूबाईला.